आडवा वारा आणि सांबऱ्याची धावपट्टी

निपाणीच्या एका काकांचा प्रश्न आहे. वळवाच्या दिवसांत संध्याकाळच्या विमानाने ते बंगळूरहून सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, आले. विमान पूर्वेकडच्या बाळेकुंद्रीच्या बाजूने खाली येताना धावपट्टीकडे सरळ तोंड न करता तिरकंच येत होतं. अगदी शेवटी ते उजवीकडे झुकलं, उजव्या चाकावर दाणकन टेकलं आणि मग सरळ झालं. थोड्या वेळाने आलेलं दुसरं विमान मात्र खाली येऊन परत वर गेलं आणि गोव्याला निघून गेलं. काका विचारतात, "आमचा पायलट शिकाऊ होता की मागचा घाबरट? आणि आजकाल सगळं ऑटोपायलटच करतो ना?"

काका, तुमचा पायलट शिकाऊ नव्हता आणि मागचा घाबरटही नव्हता. जोराच्या आडव्या वाऱ्यात विमान कॅप्टनच उतरवतो. को-पायलटसाठी कंपनीच्या नियमांत आडव्या वाऱ्याची मर्यादा बरीच खाली ठेवलेली असते. तुम्ही जे तिरकं, कलतं आणि दणक्याचं लँडिंग बघितलंत ते पुस्तकात लिहिलंय तसंच झालं. मी स्वतः जेट उडवते आणि घर खानापूर तालुक्यात आहे, त्यामुळे या भागाचा वारा मला वरूनही ठाऊक आहे आणि खालूनही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी तिरकेपणाचं. पावसाळ्यात कृष्णा भरून वाहत असताना चिक्कोडी-रायबागकडचा नावाडी नावेचं तोंड समोरच्या घाटाकडे धरत नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो. नाव तिरकी दिसते, पण जाते सरळ घाटावरच. विमानाचंही तेच आहे, कारण ज्या हवेत ते तरंगत असतं ती हवाच बाजूला सरकत असते. आम्ही याला क्रॅब म्हणतो. किती तिरकं धरायचं हे विमानाचा वेग आणि आडवा वारा यांच्या प्रमाणावर ठरतं. एअरबस ए-३२० सारखं प्रवासी जेट उतरताना साधारण १३५ नॉटच्या आसपास असतं आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. आडवा वारा २५ नॉट असेल तर नाक जवळजवळ १० अंश वाऱ्याच्या दिशेला ठेवावं लागतं. प्रवाशाला खिडकीतून हे १० अंश भयंकर वाटतात. कॉकपिटमध्ये त्याचा अर्थ इतकाच, की धावपट्टी समोरच्या काचेच्या मधोमध न दिसता एका कडेला दिसते.

तुमचं विमान बाळेकुंद्रीकडून आलं, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरत होतं. उजवीकडे झुकलं म्हणजे वारा उत्तरेचा होता. तेव्हा नाक उजवीकडे, उत्तरेला वळवलेलं, आणि डाव्या सीटवरच्या कॅप्टनला धावपट्टी आपल्या काचेच्या डाव्या बाजूला दिसत असणार.

आता सांबऱ्याला उत्तरेचा वारा कुठून आला, हे बघायला हवं. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म तिथे आहे.

सांबऱ्याला धावपट्टी एकच. दोन टोकांना आकडे आहेत ०८ आणि २६. म्हणजे एका बाजूने उतरलं तर होकायंत्रावर साधारण ८० अंश आणि दुसऱ्या बाजूने २६० अंश, थोडक्यात पूर्व-पश्चिम. हुबळीची धावपट्टीही ०८-२६ आणि गोव्यात दाबोळीचीही तीच. कोल्हापूरची ०७-२५. हा योगायोग नाही. धावपट्टी आखताना त्या जागी वर्षभर वारा कुठून वाहतो याच्या नोंदी बघतात. आंतरराष्ट्रीय निकष असा आहे की लांब धावपट्टीवर किमान ९५ टक्के वेळ आडवा वारा २० नॉटच्या आत राहायला हवा. आपल्या पट्ट्यात जोराचा वारा म्हणजे मोसमी वारा, आणि तो येतो पश्चिमेकडून, नैऋत्येकडून.

म्हणून लोकांना जे वाटतं त्याच्या उलट, जुलैतला घोंगावणारा वारा सांबऱ्याला आडवा नसतो. समजा टॉवरने सांगितलं, वारा २४० अंशांवरून २५ नॉट. धावपट्टीशी कोन झाला २० अंशांचा, म्हणजे आडवा भाग फक्त साडेआठ नॉट. बाकीचा सगळा समोरून येतो, आणि समोरचा वारा आम्हाला हवाच असतो, कारण त्याने जमिनीवरचा वेग कमी होतो. या हिशेबासाठी कॉकपिटमध्ये डोक्यात ठेवायची सोपी रीत आहे. कोन ३० अंश असेल तर आडवा वारा निम्मा, ४५ ला पाऊण, ६० च्या पुढे पूर्णच धरायचा. खरी त्रिकोणमिती थोडी कमी भरते, पण चूक सुरक्षित बाजूला राहते.

जुलैतला खरा त्रास वेगळा असतो. खाली उतरलेले ढग, न दिसणारी धावपट्टी, ओली पट्टी. शिवाय मोसमी वाऱ्याचा सर्वांत जोरकस थर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटरवर असतो. बेळगाव स्वतःच साडेसातशे मीटरवर, म्हणजे तो थर आपल्या डोक्यावर जेमतेम तेवढ्याच उंचीवर. विमान त्यातून खाली येतं तेव्हा वरचा ४० नॉटचा वारा जमिनीपर्यंत १५-२० वर आलेला असतो आणि जमिनीशी घासून त्याची दिशाही थोडी दक्षिणेकडे सरकलेली असते. हा बदल ओळखीचा आहे. तो रोज होतो, आणि आम्ही त्याची वाट बघतच खाली येतो.

वळीव तसा नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पठार तापतं, पश्चिमेकडून ओली हवा घाट चढून येते आणि तासाभरात दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्यातून पाऊस कोसळायला लागला की त्याच्यासोबत गार हवेचा लोंढा खाली येऊन जमिनीवर आपटतो आणि चहूकडे पसरतो. आपल्याकडे पाऊस यायच्या आधी लाल मातीचा धुरळा उठतो, पत्रे वाजतात, दोरीवरचे कपडे उडतात. तो हाच लोंढा. पावसाच्या पुढे कितीतरी किलोमीटर तो धावतो. त्याची दिशा ऋतूवर ठरत नाही, ढग कुठे उभा आहे यावर ठरते. ढग उत्तरेला हुक्केरीच्या वाटेवर असेल तर वारा उत्तरेचा, खानापूरच्या बाजूला असेल तर दक्षिणेचा. दोन्ही वेळा आपल्या पूर्व-पश्चिम धावपट्टीला थेट आडवा. ३४० अंशांवरून २५ नॉट आला तर कोन ८० अंशांचा, म्हणजे जवळजवळ पूर्ण २५ नॉट बाजूने. जुलैत तेवढाच वारा साडेआठ, आणि मेमध्ये पंचवीस!

त्यातही एकसारखा वाहणारा २५ नॉट वारा मला परवडतो. नाक किती वळवायचं ते एकदा ठरलं की ठरलं. अवघड असतो तो १२ वरून २८ वर जाणारा, मध्येच दिशा बदलणारा. टॉवर जो वारा सांगतो तो दहा मीटर उंचीच्या खांबावरचा आणि दोन मिनिटांची सरासरी असतो. वळवाच्या वाऱ्याला दोन मिनिटं म्हणजे फार झाली. म्हणून आम्ही कानाने टॉवर ऐकतो आणि डोळ्याने पट्टीशेजारची विंडसॉकची पिशवी बघतो. खाली धुरळा कुठे उठलाय, तो कुठे चाललाय, शेतात धूर असेल तर कुठे वाकलाय, हेही बघतो. यातलं शेवटचं कुठल्याही मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत नाही, पण आपल्या भागात ते फार उपयोगी पडतं.

आणखी एक गोष्ट इथल्या उंचीची. मेमध्ये ३६ अंश तापमान असेल तर सांबऱ्याची हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. काट्यावर १३५ नॉट दिसतात तेव्हा विमान प्रत्यक्षात १४५ च्या वर असतं. पंखाला फरक कळत नाही, चाकांना आणि ब्रेकला कळतो.

आता त्या शेवटच्या पाच-सहा सेकंदांकडे येऊ. तुम्ही घाबरलात ते तिथेच.

तिरकं उडता येतं, पण तिरकं टेकवत नाहीत. म्हणजे थोडं चालतं, चार-पाच अंशांपर्यंत, पण दहा अंशांनी टेकलं तर चाकांवर बाजूचा प्रचंड ताण येतो. (अमेरिकेच्या बी-५२ बॉम्बरची चाकंच वळवता येतात. ते तिरकंच उतरतं आणि तिरकंच धावतं. प्रवासी विमानांत ती चैन नाही.) साधारण ३० फुटांवर नाक किंचित उचलून खाली येण्याचा वेग मारतात, आणि त्याच सुमारास डावा पाय रडरवर, म्हणजे शेपटीची उभी फळी वळवणाऱ्या पायपट्टीवर, हळूहळू दाबायचा. नाक उजवीकडून धावपट्टीच्या रेषेत येतं. पण नाक डावीकडे फिरताना उजवा पंख पुढे जातो, त्याला जास्त उचल मिळते आणि तो वर व्हायला बघतो. वर झाला की वारा त्याच्याखाली शिरणार. म्हणून पाय डावीकडे आणि त्याच वेळी हात, म्हणजे पंख कलवणारी दांडी, उजवीकडे. पंख सपाट राहावा, उलट वाऱ्याच्या बाजूचा किंचित खालीच असावा. किंचित म्हणजे किंचित, कारण ए-३२० किंवा बोइंग ७३७ च्या पंखाखाली इंजिन लोंबतंय. फार कललं तर आधी इंजिनाचा पत्रा किंवा पंखाचं टोक घासेल. हे सगळं करताना विमान वाऱ्याबरोबर डावीकडे सरकायला लागलेलं असतं, कारण आता नाक वाऱ्यावर धरलेलं नाही. तेव्हा जास्त वेळ तरंगून चालत नाही. उजवं चाक, मग डावं, मग पुढचं. तुम्हाला जे "उजवीकडे झुकलं आणि एका चाकावर आपटलं" वाटलं, ते याच क्रमाने झालं.

इथे एक बारकावा आहे, जो नव्या पायलटला सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा दाखवावा लागतो. कॉकपिट मुख्य चाकांच्या बरंच पुढे असतं. दहा अंश तिरक्या विमानात चाकं मधल्या पांढऱ्या रेषेवर असतील तर पायलट स्वतः त्या रेषेपासून अडीचेक मीटर वाऱ्याच्या बाजूला असतो. आपलं बूड रेषेवर आणायचा मोह होतो. आणलं की चाकं तेवढीच पलीकडे जातात. ए-३२० च्या दोन मुख्य चाकजोड्यांमध्ये साडेसात मीटरचं अंतर, सांबऱ्याची पट्टी ४५ मीटर रुंद. दोन्ही बाजूंना जागा उरते, पण उधळायला नव्हे.

मग दणका का? लोकांचा समज असा, की चाक टेकलेलं कळलंच नाही तर पायलट भारी. टाळ्याही अशाच लँडिंगला पडतात. कोरड्या पट्टीवर, निवांत हवेत मलाही तसं उतरवायला आवडतं. पण आडव्या वाऱ्यात, त्यात वळवाने पट्टी भिजलेली असेल तर, अलगद उतरवणं हा दोष आहे असंच मी म्हणेन. टेकायला एक सेकंद उशीर म्हणजे सत्तर मीटर धावपट्टी मागे गेली. सांबऱ्याची पट्टी २३०० मीटर. शिवाय पाण्याच्या थरावर हलकेच टेकलेलं चाक फिरायलाच लागत नाही, पाण्यावर घसरत राहतं. टायरमधला दाब २०० पीएसआय असेल तर १२७ नॉटच्या वर हा धोका असतोच. ठामपणे टेकवलं की टायर पाणी कापतं, चाकं फिरतात, विमानाला कळतं की आपण जमिनीवर आहोत, पंखांवरच्या स्पॉयलरच्या फळ्या उभ्या राहतात, विमानाचं वजन चाकांवर येतं आणि मगच ब्रेकला पकड मिळते. तुमच्या कॅप्टनने तुमच्या कंबरेची थोडी काळजी कमी केली आणि ब्रेकची जास्त.

टेकल्यावरही काम संपत नाही. शेपटीच्या उभ्या पंखावर वारा बसतो आणि नाक परत वाऱ्याकडे वळायला बघतं. तेव्हा पाय रडरवर तसाच, आणि हात वाऱ्याच्या बाजूला धरलेलाच. ओल्या पट्टीवर विमान जरा तिरकं झालं असताना रिव्हर्सचा, म्हणजे वेग मारायला उलटा फिरवलेला इंजिनाचा, जोर लावलेला असेल तर तो जोर विमानाला मागे ओढता ओढता बाजूलाही ओढतो, वारा ढकलतोय त्याच दिशेला. अशा वेळी ब्रेक आणखी दाबायची बुद्धी होते. करायचं असतं उलट. रिव्हर्स कमी, ब्रेक सैल, आधी विमान रेषेत, मग पुन्हा ब्रेक. हे लिहायला सोपं आहे.

ऑटोपायलटचं एका वाक्यात सांगते. ए-३२० ला स्वतःहून उतरण्यासाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा २० नॉट आहे, आणि त्यासाठी जमिनीवर दिल्लीसारख्या धुक्याच्या विमानतळांवर असते तशी वरच्या दर्जाची यंत्रणा लागते. म्हणजे वारा जितका वाईट तितकं लँडिंग माणसाच्या हाती.

मग माणसाची मर्यादा किती? ए-३२० च्या कागदपत्रांत ३३ नॉट, झोतासह ३८ असा आकडा आहे. पण तो "करून दाखवलेला" आकडा आहे. चाचणीच्या वेळी तेवढा वारा मिळाला आणि कसलेल्या पायलटने तेवढ्यात उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. कंपन्या त्याच्यावरून आपली मर्यादा ठरवतात आणि पट्टी ओली असेल तर ती आणखी खाली आणतात.

या शब्दांचा गोंधळ किती महाग पडू शकतो ते १ मार्च २००८ ला जर्मनीत हॅम्बुर्गला दिसलं. एम्मा नावाचं वादळ चालू होतं, आणि ए-३२० ने २३ क्रमांकाच्या पट्टीवर उतरायचा प्रयत्न केला. झोत ४७ नॉटपर्यंत जात होते. विमान टेकलं, उसळलं, डावा पंख खाली गेला आणि त्याचं टोक धावपट्टीला घासलं. पायलटनी जोर लावून विमान परत वर नेलं. विमानात १३७ माणसं होती, कुणालाही इजा झाली नाही. पुढे चौकशीत हेही निघालं की त्या "करून दाखवलेल्या" आकड्याचा अर्थ पायलटांमध्येच वेगवेगळा लावला जात होता. मला मात्र त्या प्रकरणातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या खेपेला ते ३३ क्रमांकाच्या पट्टीवर उतरले. वाऱ्याच्या बरीच जवळची दिशा, आणि लँडिंग सुखरूप. वारा तोच, विमान तेच, हात तेच. फक्त धावपट्टी बदलली.

सांबऱ्याला दुसरी धावपट्टी नाही. इथे बदलता येते ती वेळ किंवा गाव.

तुमच्या मागच्या विमानाने तेच केलं. आमच्याकडे नियम असा, की जमिनीपासून १००० फुटांवर, आणि हवा स्वच्छ असेल तर फार तर ५०० फुटांवर, विमान ठरलेल्या वेगात, ठरलेल्या उतारावर, सगळं जागच्या जागी असं स्थिर हवं. नसेल तर वर जायचं. त्यानंतरही, अगदी चाक टेकायच्या क्षणापर्यंत, रेषा सुटली किंवा विमान सरकलं तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. तुमच्या आणि त्याच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं असतील, तर वळवात तेवढ्यात वारा उत्तरेचा पूर्वेकडे फिरू शकतो. मग पश्चिमेकडे उतरणाऱ्याला तो मागून लागतो आणि मागच्या वाऱ्याची मर्यादा बहुतेक जेटना दहा नॉटच्या आसपास असते. किंवा समोरच्या रडारने विंडशिअरचा, म्हणजे वाऱ्याचा वेग-दिशा एकदम बदलण्याचा, इशारा दिला असेल. २ ऑगस्ट १९८५ ला अमेरिकेत डॅलसला ढगाखालच्या अशाच लोंढ्यात एक मोठं जेट पट्टीच्या अलीकडे कोसळलं. त्यानंतर हे इशारे देणारी यंत्रं विमानांत आली. तो इशारा आला की कॅप्टन विचार करत बसत नाही. पूर्ण जोर, नाक वर, आणि चाकं आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या, उतरताना खाली काढलेल्या फळ्या) आहेत तसेच ठेवून आधी वर.

वर गेल्यावर गोवा का? इंधनाचा हिशेब निघतानाच केलेला असतो. बेळगावपर्यंतचं, तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं. घिरट्या घालून वळीव सरायची वाट बघायची की जायचं, हे त्यातूनच ठरतं. हुबळी जवळ खरी, पण तोच ढग तिकडेही असू शकतो आणि पट्टीची दिशाही तीच. घाटाच्या खाली समुद्रकाठी त्या वेळी हवा बहुधा निवळ असते.

तुम्हाला सोय बघायची असेल तर एप्रिल-मेमध्ये सकाळचं विमान घ्या, वळीव दुपारनंतरचा. सोबत कुणाला पोटात ढवळत असेल तर पंखाजवळची जागा घ्या, शेपटीकडे हेलकावे जास्त बसतात. आणि कधी गोव्याला नेलंच, तर लगेच उतरून चोर्ला घाटाने टॅक्सी करायची घाई करू नका. विमान बऱ्याचदा इंधन भरून तासा-दोन तासांत परत निघतं, वळीव तोवर सरलेला असतो. आधी केबिन क्रूला विचारा की याच क्रूचे ड्यूटीचे तास शिल्लक आहेत का. नसतील तर दुसरा क्रू येईपर्यंत रात्र जाईल. मग टॅक्सी बरी, फक्त विमानाच्या पोटातलं सामान उतरवून घ्यायला तासभर धरा.